काहीच न टाकणाऱ्यांचा इनबॉक्स

घरच्या कॉम्प्युटरवर मेल साठवणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकीच्यांचं टपाल ब्राउझरमध्ये उघडतं आणि कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर राहतं. आमचे थोरले मामा मात्र अजून थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम लावून पीओपीने मेल उतरवून घेतात. आपलं टपाल आपल्या घरात, हा त्यांचा बाणा. त्यात वावगं काही नाही. फक्त मामा काहीच टाकत नाहीत. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, नातीच्या बारशाचे फोटो, गुळवेलीच्या काढ्याचे फॉरवर्ड, सगळं एकट्या इनबॉक्समध्ये. "उद्या लागलं तर?" असं त्यांनी विचारलं की पुढे बोलायची सोय राहत नाही.

पूर्वी घरोघरी भिंतीला एक आकड्याची तार लटकलेली असे. पत्र वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. मामांची पिढी त्या तारेखाली वाढली, आणि थंडरबर्डची नेहमीची मांडणी जवळपास तशीच आहे. एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. नवं पत्र आलं की ते तळाशी चिकटतं. पण तारेवरचं एखादं पत्र झुरळांनी खाल्लं तर तेवढंच जायचं. इथे एका फॉरवर्डमधून व्हायरस आला आणि अँटिव्हायरस कर्तव्याला जागला, तर तो पत्राऐवजी अख्खी फाइलच उचलून अडकवून ठेवू शकतो. म्हणून मेलच्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळायचा सल्ला जाणकार देतात. पत्राला जोडलेली फाइल उघडताना तपासली जातेच.

डिलीटची तऱ्हा तर अजबच. पत्र डिलीट केलं की त्याची प्रत ट्रॅशमध्ये जाते आणि मूळ पत्रावर नुसती खूण होते. म्हणजे काढायला गेलो एक आणि झाली दोन! ट्रॅश रिकामा केला तरी मजकूर फाइलीत तसाच पडून राहतो. तो खरोखर जातो 'कॉम्पॅक्ट' केल्यावर, कारण तेव्हा उरलेली पत्रं घेऊन नवी फाइल लिहिली जाते. नेमकी त्याच वेळी वीज गेली किंवा डिस्क भरली, की घोळ व्हायला वाव मिळतो. तेव्हा कॉम्पॅक्ट अधूनमधून करावंच, पण यूपीएस चालू असताना आणि डिस्कवर ऐसपैस जागा असताना.

एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. बरेचदा बिघडते ती पत्रांची फाइल नव्हे, तिची सूची. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची सूची एमएसएफ नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवतं. ती गंडली की इनबॉक्स कोरा दिसतो, किंवा भाचीच्या पत्रावर क्लिक करावं तर विम्याची पावती उघडते. "अरे, माझी पत्रं गेली कुठे?" असा मामांचा फोन येतो. "मामा, कशालाही हात लावू नका," हे माझं ठरलेलं उत्तर. कारण या घटकेला कॉम्पॅक्ट दाबणं सर्वांत घातक. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' असं बटण असतं. ते सूची मोडून मूळ फाइलीवरून नवी करतं. कधीकधी खूण करून टाकलेले काढेही त्यात परत येतात. मामांना त्याचा मनापासून आनंद होतो.

आउटलुकवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांची पत्रं, पत्ते, कॅलेंडर, सगळं एका पीएसटी फाइलीत. आउटलुक ९७ ते २००२ पर्यंत तिची मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडली की फाइल उघडेना. त्यावर मायक्रोसॉफ्टने जे साधन दिलं, ते फाइल कापून लहान करायचं. कापलेल्या भागातली पत्रं अर्थातच गेली. पुढे २००३ मध्ये मर्यादा २० जीबी आणि २०१० मध्ये ५० जीबी झाली. पण मर्यादा वाढली म्हणजे तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. बिघडलेल्या पीएसटीच्या दुरुस्तीचं साधन 'स्कॅनपीएसटी' तर ऑफिसच्या फोल्डरात असं खोल ठेवलंय, की ज्याला गरज आहे त्याला ते सापडू नये. दुरुस्तीआधी ते बॅकअपबद्दल विचारतं. तिथे हो म्हणायचं.

मी मामांच्या मागे लागून वर्षवार फोल्डर करवून घेतले. एका फोल्डरला इजा झाली तर बाकीची वर्षं शाबूत राहतात. सर्व्हरवर काही दिवस प्रत राहू द्यायची खूणही करून घेतली. डिलीटचा विषय मी सोडला आहे. या वयात माणसं बदलत नाहीत, आणि बारशाच्या फोटोंसाठी काढेही सांभाळायला माझी हरकत नाही.

तुमच्याही घरात असा भरगच्च इनबॉक्स असेल, तर या रविवारी थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर किंवा आउटलुकची पीएसटी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आधी मेलचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. तो चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.