हवेतले सात इंच

नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागली आहे. ‘जिन्यावरील गालिच्याची लो-मॉइश्चर पद्धतीने मशीनद्वारे सफाई करावयाची असल्याने शनिवारी सकाळी दहा ते दुपारी दोन जिना बंद राहील. सभासदांनी लिफ्टचा वापर करावा. घरकामगार, कुरिअर व डिलिव्हरीवाले यांना लिफ्टची मनाई पूर्ववत राहील.’ खाली सही, शिक्का आणि सहकार्याबद्दल आगाऊ आभार.

शनिवारी दहा ते दोन मावशींनी पाचव्या मजल्यावर पोळ्या करायला कसं पोहोचायचं, याबद्दल नोटीस गप्प आहे. ड्रेनेजच्या पाइपवरून, बहुतेक. तिकडे येऊच. आधी मशीन, कारण आमची कमिटीही माणसांच्या आधी मशीनच घेते.

जिन्यावर गालिचा कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे सदर इथेच सोडलं तरी चालेल. रिडेव्हलपमेंट झालेल्या इमारतीत राहणाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे. जुन्या इमारतीचा जिना शहाबादी फरशीचा होता. बादलीभर पाणी ओतून खराटा फिरवला की तो स्वच्छ व्हायचा, आणि नेमका हाच त्याचा दोष होता. जी वस्तू खराट्याने स्वच्छ होते, तिचा मेंटेनन्स वाढवून कसा लावणार? (जिना म्हणजे आग लागली तर पळायची वाट, तिच्यावर कापड अंथरावं का, हा प्रश्न अजेंड्यावर येत नाही. आग अजेंडा पाहून लागते, अशी कमिटीची समजूत असावी.)

तर मशीन. गोल, जड, देखणं. तळाशी फिरणारी तबकडी, तिला पॅड किंवा ब्रश, वर दांडा आणि दांड्याला रसायनाची टाकी. तबकडी सतरा इंची. या धंद्यात हे माप सर्रास चालतं, हॉटेलच्या लांबलचक पॅसेजमध्ये तर झकास चालतं. आमची पायरी दहा इंची. निवासी इमारतीच्या जिन्याची पायरी निदान २५० मिलिमीटर रुंद हवी, असं नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आहे, आणि त्याच्यावर एक मिलिमीटर जास्त देणारा बिल्डर अजून जन्माला यायचाय. सतरातून दहा गेले, सात राहिले. हे सात इंच हवेत.

हे गणित चौथीतल्या पोराला येतं. आमच्या कमिटीत दोन इंजिनिअर, एक सीए आणि एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, त्यामुळे तिथे ते अडलं. डेमो झाला लॉबीत, कारण प्लग लॉबीत आहे. लॉबी सपाट. मशीन गरगर फिरलं, पांढरं पॅड काळं झालं, ते काळं पॅड सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं, फोटो ग्रुपवर गेले, अंगठे वर झाले. हे जिन्यावर उभं कसं राहणार, असं दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं. ‘ॲडजस्ट होतं, सर,’ विक्रेता म्हणाला. काय ॲडजस्ट होतं? तबकडी मागे सरकवावी, तर मागे वरच्या पायरीची साडेसात इंची भिंत. पुढे ओढावी, तर हवेतल्या सातांचे आठ होतात आणि मशीन, चालवणारा आणि वॉरंटी असे तिघे एकदमच तळमजल्यावर पोहोचतात. मग चर्चा रंगली. एकाने पायऱ्यांना पुढून फळ्या जोडायची सूचना मांडली. दुसऱ्याने विचारलं, फळ्या जोडल्या तर त्या वाढीव सात इंचांचा एफएसआय मोजला जाईल का? तिसऱ्याचं म्हणणं, मोजला जाणार असेल तर विकता येईल का? सात इंच गुणिले जिन्याची रुंदी गुणिले एकूण पायऱ्या, असा हिशेब मोबाइलवर झाला, त्याला चौरस फुटाचा भाव लागला, आणि थोडा वेळ का होईना, सभेच्या डोळ्यांत पुन्हा रिडेव्हलपमेंटची चमक आली. हे इंच बाल्कनीत धरायचे की छज्ज्यात, यावर आमच्या आर्किटेक्ट सभासदांनी मत राखून ठेवलं आहे. फी ठरली की देतील. जिन्यासाठी हातात मावणारं छोटं मशीन मिळतं, असं कोणीतरी हळूच म्हणालं. मिळतं की. पण त्याचा फोटो काढला तर त्यात मशीनपेक्षा ते धरणारा माणूसच जास्त दिसतो. सतरा इंची मंजूर झालं.

पद्धतीला मी नावं ठेवत नाही. पद्धत शहाणी आहे. गरम पाणी गालिच्यात जोराने मारायचं आणि परत ओढून घ्यायचं, ही आधीची रीत. मळ खोलवरचा निघतो, पण वाळायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस जातो. आणि अस्तर तागाचं असेल तर भिजल्यावर त्यातला तपकिरी रंग वर चढतो. म्हणून कमी पाण्याच्या रीती निघाल्या. एकीत ओलसर भुकटी पसरून ब्रशने घोळवतात आणि मळासकट ओढून घेतात. दुसरीत ओलं करून पिळलेलं पॅड फिरवतात. तिसरी आमची. रसायन नुसतं फवारायचं, घोळवायचं आणि सोडून द्यायचं. तासा-दोन तासांत ते वाळतं, आणि वाळताना त्यातलं पॉलिमर मळाला गुंडाळून त्याचे ठिसूळ खडे करतं. लोणावळ्याची चिक्की म्हणा, फक्त दाण्यांच्या जागी धूळ. मग व्हॅक्यूम फिरवून ही चिक्की ओढून घ्यायची. व्हॅक्यूम आधीही फिरवायचा असतो, कारण गालिच्यातला बराचसा मळ म्हणजे सुकी माती, आणि ती आधी काढली नाही तर फवाऱ्याने तिचा चिखल होतो.

आमच्या कोटेशनमध्ये व्हॅक्यूम नाही. आधीचाही नाही, नंतरचाही नाही. ‘तो वेगळा आयटम आहे,’ असं उत्तर मिळालं. म्हणजे आमच्या जिन्यावरचा मळ निघत नाही, नीट पॅक होऊन तिथेच राहतो. शिवाय तासा-दोन तासांत वाळतं, हे माहितीपत्रकातलं. मुंबईच्या जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. गालिच्यात ओलावा कमी ठेवायचं काम आमचा फवारा करणार आणि वाढवायचं अरबी समुद्र. यात कोणाकडे मनुष्यबळ जास्त आहे, ते सांगायला नको. भर म्हणून अस्तरात मुरलेला चहा वाळता वाळता ओलाव्याबरोबर धाग्यांतून वर येतो, आणि पुसलेला डाग दोन दिवसांनी त्याच जागी हजर होतो. गालिचे साफ करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. आमच्या ग्रुपवर मात्र नवा फोटो पडतो आणि खाली वाक्य येतं, ‘मावशी लोकांनी पुन्हा सांडलं.’

इथे माझं डोकं फिरतं. या जिन्यावरून चालतं कोण? सभासद नाहीत. त्यांना पहिल्या मजल्यालाही लिफ्ट लागते आणि घड्याळातली पावलं भरायला ते संध्याकाळी गार्डनमध्ये चकरा मारतात. जिना चढतात त्या मावशी, गुडघ्यातलं दुखणं घेऊन. चढतो पार्सलवाला, धावत. चढतो कचरा उचलणारा. त्यांना लिफ्टमधून हाकलायचं, जिन्यावर धाडायचं, जिना मळला की त्यांच्याच नावाने बोंब मारायची आणि तो मळ काढायला त्यांच्याच वस्तीतल्या पोराला बसवायचं. चपला हातात घेऊन चढा, अशीही एक सूचना आली होती. मांडणाऱ्या बाई दर रविवारी ग्रुपवर माणुसकीचे सुविचार टाकतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना असायचा, सफाई कामगारांसाठी. घरातल्यांच्या वाटेवर त्यांची सावली नको म्हणून. ते जिने गंजले, पाडले गेले. मनातला जिना कोणी पाडला नाही. तेव्हा निदान लाज म्हणून तो मागच्या बाजूला असायचा, आता शिक्का मारून पुढच्या दारात लावतात आणि त्याला हायजीन म्हणतात. हायजीन कसली डोंबलाची! ज्या हाताने लाटलेल्या पोळ्या तुम्ही खाता, तो हात लिफ्टचं बटण दाबायला चालत नाही?

असो. शनिवारी काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. मशीन लॉबीत उभं राहील, दिवा पेटवून. जिन्यावर एक पोरगा उकिडवा बसेल, हातात फवाऱ्याची बाटली आणि ब्रश, खांद्यावर जुना टॉवेल. वरच्या पायरीपासून सुरू करून एकेक पायरी खाली उतरेल. पायरीची कड दोनदा घासेल, कारण प्रत्येकाचं पाऊल तिथेच घासतं. काम चोख करेल. हवेतले सात इंच त्याचे गुडघे भरून काढतील आणि बिलावर येईल ‘मशीन क्लीनिंग’.

त्याच्या गुडघ्यांखाली घ्यायला रबरी गाद्या आणाव्यात आणि हातमोजे द्यावेत, असा विषय त्याच आजोबांनी गेल्या सभेत ऐनवेळी मांडला होता. ऐनवेळच्या विषयात खर्चाला मंजुरी देता येत नाही, असा नियम खजिनदारांनी उघडून दाखवला, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. त्यानंतर ऐनवेळच्याच विषयात एक खर्च मंजूर झाला, तबकडीच्या जादा ब्रशचा. सतरा इंची.