मेरिट ऑर्डरबाई, तुमचा हिशोब अपुरा आहे

मेरिट ऑर्डरबाई यांस,

वीजक्षेत्रात तुमचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य! प्रतियुनिट इंधनखर्चावरून तुम्ही वीजनिर्मिती संचांची रांग लावता, स्वस्त पुढे नि महाग मागे. चालू संचांमध्ये भार वाटायला ही रीत ठीक आहे. पण कोणता संच चालू ठेवायचा आणि कोणता विझवायचा, हेही तुमच्याकडे पाहूनच ठरू लागलं की तुमचा अपराध सुरू होतो.

भर दुपारी सौर वीज मुबलक असते. रांगेत शेवटचा म्हणून तुम्ही कोळशाच्या संचाला घरी पाठवता. संध्याकाळी सूर्य मावळतो, मागणी चढते आणि तोच संच तुम्हाला तातडीने हवा असतो. बाई, बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे! लायटअपला, म्हणजे बॉयलर पेटवायला, महागडं तेल जाळावं लागतं. थंड पडलेला संच ग्रीडला जोडायला कित्येक तास जातात. प्रत्येक थंड-गरम फेऱ्यात टर्बाइनच्या आणि बॉयलरच्या जाड धातूवर ताण येतो, पुढे नळ्या फुटतात. यातलं काहीच तुमच्या दराच्या रकान्यात उमटत नाही. ते उमटतं आमच्या बिलात आणि रात्रपाळीला फुटकी नळी जोडणाऱ्या कामगाराच्या अंगावर.

कोयनेच्या जलविद्युत केंद्रापुढे तर तुमची अक्कलच संपते. 1,960 मेगावॉटचं ते केंद्र काही मिनिटांत भार उचलतं आणि पाण्याला इंधनखर्च नाही. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी आज फुकट म्हणून उधळलं, तर एप्रिल-मेच्या संध्याकाळी काय सोडणार? आज राखलेल्या पाण्याची किंमत उद्या वाचणाऱ्या महाग विजेइतकी असते. नियंत्रण कक्षातली शहाणी माणसं कोयनेला तुमच्या हाती देत नाहीत, म्हणून निभावतं.

रांग का अपुरी पडते, ते आकड्यांत पाहा. फक्त 30 संच घ्या. कोणते चालू, कोणते बंद, याच्या एका वेळच्या शक्यताच 107 कोटींवर जातात. आणि दिवसात पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 टप्पे! प्रत्येक टप्पा मागच्या-पुढच्याशी बांधलेला. हे कोडं रांग लावून सुटत नाही. त्यासाठी सगळा दिवस एकत्र मांडणारं गणित लागतं आणि ते उपलब्ध आहे. 2023 च्या भारतीय ग्रीड संहितेने देशपातळीवर संच चालू-बंद ठरवण्यासाठी त्याची तरतूदही केली आहे.

तेव्हा राज्याच्या वेळापत्रकातही हे निर्णय त्या गणिताकडे सोपवा. आणि तुमच्या दराशेजारी प्रत्येक संचाच्या लायटअपचा खर्च, चालू व्हायला लागणारे तास आणि किमान भार यांचे रकाने छापा, ग्राहकांना वाचता येतील असे.

एक वीजग्राहक