ऐकून घ्या

हेडफोनच्या नादी लागलेल्या माणसाला गाण्याबद्दल काही विचारू नये. त्याला गाणं आवडत नसतं, रेकॉर्डिंग आवडत असतं. माझा पुतण्या याच पंथातला. घरात कुणी काही लावलं की तो डोळे मिटून मान डोलावतो. आजीला वाटतं, नातू सुरात रंगलाय. तेवढ्यात तो डोळे उघडून जाहीर करतो, "मिड्स जरा मागे आहेत." मागे म्हणजे कुठे, हे आजीने एकदा विचारलं होतं. आता ती विचारत नाही.

मला बरासा हेडफोन घ्यायचा होता, तेव्हा सल्लागार म्हणून तोच नेमला गेला. बजेट किती, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम. "काका, टेस्ट ट्रॅक कुठले नेताय?" मी म्हटलं, बाबूजी, भीमसेन आणि थोडे बालगंधर्व. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी यापूर्वी फक्त बँकेच्या काउंटरवर अनुभवली होती.

त्याची यादी तयार होती. स्टीली डॅनचा 'एजा', १९७७. या अल्बमला ध्वनिमुद्रणासाठीच ग्रॅमी मिळालं. ही मंडळी इतकी चोखंदळ की गिटारच्या एका तुकड्यासाठी वादकांमागून वादक बोलवायची आणि घरी पाठवायची. त्यांच्यातल्याच डॉनल्ड फेगनचा 'द नाइटफ्लाय', १९८२. नवा स्पीकर आला की ध्वनिमुद्रक मंडळी आधी याचं पारायण करतात म्हणे. मीही केलं. झांजेचा प्रत्येक ठोका वेगळा, घासूनपुसून मांडलेला. गाणारा माणूस कशावरही चिडत नाही, कशाने हळवा होत नाही. तक्रारीला जागाच नाही आणि दुसऱ्यांदा लावायची इच्छाही नाही.

दुकानात मात्र विक्रेत्याने आमची यादी बाजूला सारून थेट ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं. मूळ नव्हे, १९९४ च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलं, प्रेक्षकांसमोरचं. आधी गिटार, मग कुठूनतरी खोल असा ढुम्म, मग टाळ्या, शिट्ट्या. ढुम्मच्या वेळी विक्रेता गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतो. जगभरच्या हायफाय दुकानांत हेच गाणं लागतं. गायक तोंड उघडायच्या आत गिऱ्हाइकाने कार्ड बाहेर काढलेलं असतं, त्यामुळे गाण्यात पुढे त्या हॉटेलचं काय होतं हे पुष्कळांना ठाऊकच नाही.

इथे एक गंमत मी डोळ्यांनी पाहिली. स्वस्तातला हेडफोन लावताना विक्रेत्याचा हात नॉबकडे गेला नाही. महागातला लावताना हळूच गेला. माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज म्हणजेच जरा चांगला आवाज वाटतो. शिवाय आवाज हळू असला की खर्ज आधी गायब होतो. फ्लेचर आणि मन्सन या जोडगोळीने १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला नाही, तर तुलना हेडफोनची होतच नाही, नॉबची होते. पुतण्याने तो सारखा करायला लावला. विक्रेत्याचा उत्साह तिथपासून मावळत गेला.

एका बाबतीत मात्र पुतण्या बरोबर होता: एकटा गळा फार काही सांगून जातो. सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' बिनसाथीचं आहे. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग एमपी-थ्री घडवत होते. बाकी संगीत बरं ऐकू येत होतं, पण या बाईंचा आवाज त्यातून चिरडून बाहेर पडला. मग हेच गाणं पुन्हापुन्हा ऐकून त्यांनी ते तंत्र सुधारलं. लपायला मागे ढोल-ताशे नसले की लबाडी उघडी पडते, हे आपल्या मैफलींत तंबोऱ्यासमोर बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

चांगला हेडफोन वाईट रेकॉर्डिंगचं काय करतो, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' इतका ठासून मोठा केला होता की चाहत्यांनीच ओरड केली. त्यापेक्षा व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी जास्त स्वच्छ होती. तो आवाज सोसायला तरुण कान आहेत. माझं दुखणं वेगळं. नव्या हेडफोनवर बालगंधर्व लावले, तर तबकडीची चुरचुर डावीउजवीकडे इतकी स्पष्ट, की आयुष्यात इतकी उत्तम चुरचुर मी ऐकली नव्हती. तबला थिरकवांचा असणार, पण तो नाटकगृहाबाहेर कुठेतरी राहिलेला. पुतण्या म्हणाला, "काका, हे मोनो आहे. साउंडस्टेजच नाही, कोण कुठे बसलंय ते कळत नाही." मोनो तर रेडिओही होता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा एका रेडिओभोवती अख्खा वाडा बसायचा. स्टेज तिथे प्रत्येकाने आपापलं आणलं होतं.

तरी परीक्षा घ्यायचीच, तर ती आपल्या वाद्यांवर घ्यावी असं माझं ठाम मत झालंय. 'सर, बेस बघा' म्हणत जो हेडफोन पुढे केला जातो, त्यावर डग्गा वाजला की वरच्या मजल्यावर कपाट सरकवतायत असं वाटतं. डग्ग्याला घुमारा हवा. तळहाताच्या दाबाने सूर चढतो, तो चढताना ऐकू यायला हवा. पेटीच्या भात्याचा श्वास यायला हवा, पण पेटीच्या आधी नव्हे. आणि तंबोरा! मिरजेचा कारागीर घोडी घासून घासून जवारी काढतो, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती खुलवायची. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो. ज्या हेडफोनात तो स्वयंभू गंधार येत नाही, त्याची किंमत विचारू नये.

पुतण्याचा आणि माझा तह झाला तो एकाच ध्वनिमुद्रणावर. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. कॅलिफोर्नियातल्या एका चॅपेलमध्ये, व्हॉल्व्हच्या यंत्रांवर, टेपवर घेतलेलं. दोघांनी त्याआधी कधी एकत्र वाजवलंही नव्हतं. भट्टांच्या मोहनवीणेच्या तारेवर पोलादी कांब सरकते त्याचा बारीकसा खरखराट येतो, आणि मागे त्या खोलीची उंचीही कळते. पुतण्याला त्यात साउंडस्टेज सापडला. मला भट्ट सापडले.

हेडफोन घेतला. खोक्यावर लिहिलंय, ४०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. माणसाची धाव तरुणपणीसुद्धा वीस हजारांपर्यंत, माझ्या वयात त्याहून बरीच खाली. वरचे वीस हजार ऐकायला घरात वटवाघूळ पाळावं लागेल, आणि त्याच्या कानावर हा बसणार नाही.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. निव्वळ तंबोऱ्याचं, गायन नसलेलं, एखादं दहा मिनिटांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर कृपया कळवावं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं नको. तो फोनमध्ये आहे.