काउंटर गेला, भोंगा आला

दुकानातली चोरी रोखणारं सर्वांत जुनं यंत्र म्हणजे काउंटरमागचा वाणी. "काय देऊ?" एवढं विचारून तो गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांचा हिशेब घेतो. हे यंत्र १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने मोडीत काढलं. त्याच्या 'पिगली विगली' दुकानात गिऱ्हाइकानेच टोपली घेऊन फळीवरचा माल काढायचा आणि गल्ल्यावर पैसे द्यायचे. पगार वाचला, भाव उतरले. मात्र दाराशी फिरतं फाटक बसवलं होतं, म्हणजे साँडर्सलाही शंका होतीच. मालाला हात लावायचं आमंत्रण साऱ्या गावाला दिल्यावर हात खिशाकडे वळतोय का, हे बघायचं कोणी?

त्याचं उत्तर १९६०च्या दशकात आलं: टॅग. त्याच्या पुढे आलेल्या एका प्रकारात दाराशी उभा असलेला खांब ५८ किलोहर्ट्झचा सूर लावतो, आवाजाचा नव्हे, चुंबकीय क्षेत्राचा. टॅगमधली धातूची पातळ पट्टी त्यावर थरथरते, खांब गप्प झाल्यावरही क्षणभर थरथरत राहते आणि तिथेच पकडली जाते. बिल करताना तिच्या जोडीची चुंबकपट्टी निकामी करायची असते. कॅशियर ते विसरला, की भोंगा वाजतो तो पैसे मोजलेल्या सभ्य माणसाच्या नावाने! तो जागीच थिजतो, न मागता पिशवी उपडी करतो, "बिल आहे हो," म्हणत परक्यांनाही कागद दाखवतो. सराईत चोर टॅग आधीच ट्रायल रूममध्ये काढून मोकळा झालेला असतो. स्टुलावरचा वॉचमन मान न उचलता म्हणतो, "जाऊ द्या."

कोणी म्हणेल, वाणी कपडे बघून संशय घेतो, यंत्राला सगळे सारखे. कबूल, यंत्र सगळ्यांनाच चोर समजतं, एवढी समता घटनेलाही अपेक्षित नसावी. काउंटर परत आणला तर रांगा लागतील, भाव चढतील, हेही खरंच. पण बचतीचा हिशेब पुरा मांडा. कॅशियरही नको म्हणून गिऱ्हाइकालाच स्कॅन करायला लावलं, तर परदेशात अ‍ॅव्होकॅडो गाजराच्या भावाने तोलले जाऊ लागले. आपल्या मॉलमध्ये एक नोकर वाचवला आणि तीन ठेवले: एक शिरताना पिशवीला प्लास्टिकची पट्टी आवळतो, एक निघताना न वाचता बिलाला भोक पाडतो, एक कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर डुलक्या घेतो. चौथा लागतो तो भोंगा वाजला की बंद करायला.