रिबाउंडकाका

ह्यूस्टनच्या फर्टिटा सेंटरमध्ये मॅचला सात हजार माणसं बसलेली असतात. शॉट सुटला की सात हजार माना चेंडूबरोबर रिंगकडे वळतात. एक मान वळत नाही. ती रिंगच्या खाली, कोपरं आणि खांदे लावून जागा अडवणाऱ्या पोरांकडे लागलेली असते. ती आमच्या रिबाउंडकाकांची. चेंडू जाळीतून सरळ खाली आला की लोक नाचायला लागतात आणि काका सुस्कारा टाकतात, "गेला वाया!"

काका नागपूरचे. १९८२ साली मास्टर्स करायला युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनमध्ये आले, पुढे तेलकंपनीत चिकटले, निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळीत क्रिकेटवाले पुष्कळ आहेत, अमेरिकन फुटबॉल समजतो असं दाखवणारेही आहेत. कॉलेज बास्केटबॉलसाठी जीव टाकणारे काका एकटेच, आणि तेही सुंदर बास्केटबॉलसाठी नव्हे. टीमनं शंभरातले पस्तीस शॉट कसेबसे घातले, समोरच्यांना तेवढेही जमू दिले नाहीत आणि अठ्ठावन्न-चौपन्न अशा रखडलेल्या आकड्यांवर मॅच काढली, की काकांना रात्री शांत झोप लागते. तीच टीम नव्वद पॉइंट करून जिंकली तर काकू त्यांना ॲसिडिटीची गोळी देतात.

मॅच बघताना त्यांच्या मांडीवर वही असते. तिच्यात पॉइंट लिहीत नाहीत. "ते काय, बोर्डावर दिसतातच की." वहीत आपले रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू; त्यांचे टर्नओव्हर, म्हणजे हातचे घालवलेले चेंडू; कोण चेंडूसाठी जमिनीवर पडला आणि कोण नुसता बघत राहिला, एवढंच असतं. बघत राहिलेल्यांच्या नावापुढे फुली. "काय करून राहिला हा पोरगा? सिनेमा बघायला आला का?"

या भक्तीचं मूळ एका जखमेत आहे. काका आले तेव्हा ह्यूस्टनची टीम म्हणजे डंकचा, उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबण्याचा, धुमाकूळ. हकीम ओलाजुवॉन, क्लाइड ड्रेक्सलर; लोकांनी टीमचं नावच 'फाय स्लामा जामा' ठेवलं होतं. ४ एप्रिल १९८३ ला न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कला देशातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल होती आणि समोर नॉर्थ कॅरोलिना स्टेट. ह्यूस्टन हरेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. शेवटच्या क्षणी ५२-५२. त्यांच्या व्हिटनबर्गनं लांबून घाईघाईत शॉट मारला. इतका वाईट, की तो रिंगपर्यंतही पोचला नाही. पण रिंगखाली लोरेन्झो चार्ल्स मोकळा उभा होता. त्यानं तो हवेतच झेलला, वरच्या वर घातला आणि वेळ संपली. ५४-५२. ह्यूस्टननं त्या मॅचमध्ये १९ फ्री थ्रोंतले ९ घालवले होते, हेही काका विसरलेले नाहीत. पण त्यांना साक्षात्कार झाला तो त्या फसलेल्या शॉटचा. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बाकीची पोरं डोकं धरून बसली होती, तेव्हा काकांना कळलं की विजेतेपद चुकलेल्या नेमातूनही येतं. फक्त खाली कुणीतरी उभं पाहिजे.

मग २०११ साली देव त्यांच्या गावात आला. फायनल ह्यूस्टनलाच, रिलायंट स्टेडियममध्ये, आणि तारीख पुन्हा ४ एप्रिल. कनेटिकट विरुद्ध बटलर. सत्तर हजार लोक आणि एक अजब मॅच. हाफटाइमला बटलर २२, कनेटिकट १९. शेवटी कनेटिकट ५३, बटलर ४१. बटलरनं ६४ शॉट घेतले, त्यांतले पडले १२. म्हणजे १८.८ टक्के, फायनलमध्ये इतकं वाईट आजवर कुणी खेळलेलं नाही. जिंकणाऱ्यांचंही काही खरं नव्हतं. ५५ पैकी १९, आणि तीन पॉइंटांचे शॉट ११ पैकी १. त्यांचा हीरो केंबा वॉकर, त्याचे १९ पैकी ५. बाहेर पडताना लोक तिकिटाचे पैसे आठवून हळहळत होते. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पण काका," मी एकदा म्हटलं, "जास्त शॉट तर बटलरनं घेतले. तुमच्या हिशोबानं तेच जिंकायला हवे होते."

"घेतले कुठून? रिंगजवळच्या टापूत दोघांचे पॉइंट बघ. २६ आणि २! कनेटिकटच्या लंबूंनी जवळ फिरकू दिलं का त्यांना? आपला नेम वाईट असला तर असू दे रे. समोरच्याचा त्याहून वाईट करता आला पाहिजे."

हे त्यांच्या शास्त्राचं दुसरं कलम. पहिलं कलम ते समोर येईल त्या पेपर नॅपकिनवर मांडून दाखवतात. समोरच्यांनी ५० शॉट घेतले, ४६ टक्के घातले, झाले २३. आपण ४० टक्केच घातले. पण चुकलेले चेंडू परत मिळवले, आपले चेंडू घालवले नाहीत, म्हणून शॉट मिळाले ६०. झाले २४. "एकानं जिंकलो. नेमबाजी कोणाची चांगली? त्यांची. रिकामी बस घरी कोणाची जाईल? त्यांची. ट्रॉफी?"

मंडळातल्या एका आकडेशास्त्र्यानं त्यांना डीन ऑलिव्हरचं 'बास्केटबॉल ऑन पेपर' हे २००४ सालचं पुस्तक आणून दिलं. ऑलिव्हरनं जिंकण्याचे चार घटक सांगितलेत: नेमबाजी ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. "बघा काका, नेमच सगळ्यांत मोठा." काकांनी चष्मा पुसला. "आणि उरलेले साठ कुणाचे?" पुस्तक त्यांनी परत केलं नाही.

ही जमात एकट्या ह्यूस्टनची नाही, अमेरिकेतल्या कॉलेजगावांत ती ठिकठिकाणी आढळते. विस्कॉन्सिनचे माजी कोच डिक बेनेट हे तिचे एक दैवत. २००० च्या सेमीफायनलला हाफटाइमला त्यांच्या टीमचे पॉइंट होते १७ आणि मिशिगन स्टेटचे १९. मिशिगन स्टेटचे टॉम इझो आणखी कडक. रिबाउंडच्या सरावाला त्यांनी पोरांना फुटबॉलची हेल्मेटं आणि पॅड चढवून उतरवलंय. ती मॅच इझोंनी जिंकली, ५३-४१. बरोबर, तोच आकडा. काकांच्या फोनचा पासवर्ड काय असेल, हे ओळखायला हॅकर लागत नाही.

पण २०१४ मध्ये केल्विन सॅम्पसन ह्यूस्टनचे कोच झाले आणि काकांना गुरू घरबसल्या मिळाला. सॅम्पसनच्या सरावात रिंगवर प्लॅस्टिकचं झाकण बसवतात. कुणीही, कसाही शॉट मारा, चेंडू आत जाणारच नाही. मग त्याच्यासाठी मारामारी. हे ऐकलं त्या दिवशी काका घरभर फिरत होते. "झाकण! अगं, झाकण लावतात!" काकू पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "दुधाच्या पातेल्यावर लावायला सांगते तेव्हा ऐकू येत नाही."

काकूंचा नेम चुकत नाही, ही काकांच्या संसारातली खरी अडचण. एकदा गणपतीच्या जेवणात काका रंगात आले आणि आपल्या लग्नाची कथा सांगू लागले. काकूंना आधी एक डॉक्टर बघून गेला होता, तिथे जमलं नाही, पुढच्याच आठवड्यात काका हजर. "डॉक्टरचा शॉट हुकला आणि रिबाउंड मी घेतला!" मंडळी हसली. काकूंनी मोदक वाढता वाढता विचारलं, "म्हणजे मी चेंडू?" काकांनी तिथे टाइमआउट मागितला, तो अजून संपलेला नाही.

२०२४-२५ च्या सीझनला काका खंगले. कारण ह्यूस्टनची पोरं भसाभस थ्री-पॉइंटर घालू लागली. देशातल्या चांगल्या नेमबाज टीमांत त्यांचं नाव आलं. "सवय लागली ना, की संपलं. नेम हा पाहुणा आहे, आज आहे, उद्या नाही. रिबाउंड घरचा माणूस." मी भेटायला गेलो तेव्हा वहीची पानं कोरी होती.

सेमीफायनलनं त्यांना परत उभं केलं. ड्यूकविरुद्ध एका वेळी १४ नं मागे, आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं उलटलं. बरोबरीचा थ्री-पॉइंटर चुकला आणि ह्यूस्टनच्या टगलरनं तो परतीचा चेंडू तसाच रिंगमध्ये कोंबला. शेवटी ७०-६७. काका सोफ्यावर चढले होते, असं काकू सांगतात.

मग ७ एप्रिलची फायनल, सॅन अँटोनिओला, फ्लोरिडाविरुद्ध. ह्यूस्टन एकदा १२ नं पुढे होतं. शेवटी फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३ आणि चेंडू ह्यूस्टनकडे. एमान्युएल शार्प शॉटसाठी उडाला, समोर वॉल्टर क्लेटन झेपावला, शार्पनं चेंडू खाली सोडला. आता त्यालाच हात लावता येईना, नियम मोडला असता. चेंडू टप्पे खात राहिला आणि वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला गेलो. काका खिडकीशी बसले होते.

"हरल्याचं नाही रे काही. पण टाकलाच नाही! चुकला असता तर चाललं असतं. खाली आपली पोरं उभी होती."

"अहो, तो फ्लोरिडाचा अंगावर आला होता," काकू आतून म्हणाल्या. "टाकला असता तर ब्लॉकच झाला असता."

काका ताडकन उठले. फायनलनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"ब्लॉक झालेल्या चेंडूचाही रिबाउंड मोजतात!"