ऑकलंडच्या समस्त कोडवैद्यांस अनावृत पत्र

सन्माननीय कोडवैद्य महाशय,



आमची जपानहून आलेली सात आसनी गाडी तापली की बंद पडते, ही बातमी गणपतीच्या महाप्रसादाला फुटली आणि आपण सर्वजण भरल्या पानावरून उठून पार्किंगकडे धावलात. या सेवेबद्दल जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक ब्लूटूथ स्कॅनर असतो हे तेव्हाच कळलं. तो स्टीअरिंगखाली खोचला गेला, फोनवर पी०३३५ उमटलं आणि आपण म्हणालात, "क्रँक सेन्सर. बदलून टाका." वरणभातावर तूप वाढायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हाताला ग्रीस न लावता केलेलं असं निदान आम्ही भारतात कधी पाहिलं नव्हतं.

आता आमच्यासारख्या मंद माणसांची अडचण अशी, की पी०३३५ हा गुन्हेगाराचा पत्ता नसतो, ती कॉम्प्युटरची तक्रार असते. क्रँकशाफ्टकडून येणारा संदेश नीट पोचला नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर, त्याचा प्लग, तिथून कॉम्प्युटरपर्यंतची वायर, समोरची दातेरी चकती, यांपैकी कोणी दगा दिला हे त्यालाही ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं फक्त आपल्याला.

हा संदेश असतो तरी काय? बऱ्याच जपानी इंजिनांत क्रँकशाफ्टवर ३६ दातांची जागा असलेली चकती असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. उरलेले ३४ सेन्सरच्या चुंबकासमोरून धावतात आणि दर दाताला कॉइलमध्ये विजेची एक लहर उठते. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला १७०० लहरी. गाळलेली जागा आली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहेत ते समजतं. पण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते, म्हणून सिलिंडर दाबाच्या फेरीत आहे की धूर बाहेर टाकण्याच्या, हे कॅमचा सेन्सर सांगतो. कॅमचा सेन्सर रुसला तर अनेक इंजिनं जरा जास्त स्टार्टर मारून का होईना, चालू होतात. क्रँकचा संदेश थांबला की मात्र ठिणगी नाही, इंजेक्टर नाहीत, आणि पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर पेट्रोलपंपाचा रिलेसुद्धा सोडून देतो. आपल्यातल्या ज्या थोरांनी मागच्या सीटला कान लावून "पंपच वाजत नाही, पंप गेला" असा निकाल दिला, त्यांचं ऐकणं शंभर टक्के बरोबर होतं. पंप खरंच वाजत नव्हता. त्याला कोणी वाजायला सांगितलंच नव्हतं.

शेजारच्यांच्या २००४ सालच्या गाडीला तर आपण मृत घोषित केलंत, कारण ती स्कॅनरशी बोलेना. खोबण सोळा पिनांची म्हणजे भाषाही एकच, हा आपला विश्वास हृदयस्पर्शी आहे. अमेरिकेने ओबीडी-२ ही सामाईक भाषा सक्तीची केली १९९६ मध्ये. जपानने आपल्या देशातल्या नव्या गाड्यांसाठी जे-ओबीडी-२ आणलं ते २००८ मध्ये. मधल्या काळातल्या कित्येक जपानी गाड्या आपापल्या कंपनीच्या यंत्राशीच बोलतात. त्याआधीच्या टोयोटांत तर बॉनेटखालच्या डबीतले टीई१ आणि ई१ हे दोन बिंदू तारेने जोडायचे आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. बारा किंवा तेरा आला की आरपीएमच्या संदेशात खोट. फोन लागत नसे. मोजता येणं लागे, हा त्या पद्धतीतला मोठाच दोष.

नवा सेन्सर मागवणं हेही एक व्रत आहे. सुट्या भागांची वेबसाइट सतरा अक्षरांचा क्रमांक मागते. जपानमध्ये विकलेल्या जपानी गाडीला तो नसतोच. तिच्यावर मॉडेलचा कोड आणि फ्रेम नंबर असतो. इथे उतरल्यावर न्यूझीलंड सरकार तिला ७ए ने सुरू होणारा क्रमांक देतं आणि तो वेबसाइटला दिला की ती म्हणते, अशी गाडी अस्तित्वात नाही. आपण मात्र न डगमगता "साधारण हाच असेल" असा एक स्वस्त सेन्सर शोधून दिलात. तो बसला. गाडीही बसली, सदर्न मोटरवेच्या कडेला, एका उन्हाच्या दुपारी. आत टोलयंत्रातली जपानी बाई नेहमीच्या अदबीने सांगत होती की टोलचं कार्ड घातलेलं नाही. जो टोलनाका दहा तासांच्या विमानप्रवासाइतका लांब आहे, त्याची ती रोज आठवण करते. क्रँकबद्दल चकार शब्द नाही.

शेवटी आम्ही पापाटोएटोएतल्या एका फिजी-भारतीय इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्क गृहस्थ. त्यांची पद्धत किती मागासलेली, ऐका. त्यांनी आधी विचारलं, गाडी कधी बंद पडते? मग गाडी तापवून बंद पडू दिली, स्टार्टर मारायला लावला आणि टॅकोमीटरकडे बघत राहिले. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर. गार झाल्यावर तोच काटा स्टार्टरबरोबर थरथरायला लागला. मग मल्टिमीटर. दोन तारांचा सेन्सर म्हणजे कॉइलचा, त्याचा रोध मोजता येतो. आमचा जुना, काढून टाकलेला, मूळचा जपानी सेन्सर हजार-दोन हजार ओहमच्या घरात, अगदी मर्यादेत निघाला; हेअर ड्रायरने तापवला तरी मर्यादेतच. (तीन तारांचा असता तर तो बहुधा हॉल सेन्सर, त्याचा रोध मोजण्यात अर्थ नाही, आधी त्याला वीज आणि अर्थिंग मिळतंय का ते पाहायचं. हे त्यांनी न विचारता सांगितलं. शिकवायची हौस असावी.) मग तोच सेन्सर जागेवर बसवून कॉम्प्युटरच्या प्लगपाशी मोजला, म्हणजे सगळी वायर धरून. गार असताना ठीक. वायरिंगवर गरम हवा सोडून जरा हलवलं, आणि मीटर अनंतावर.

एक्झॉस्टजवळची प्लास्टिकची क्लिप तुटून पडली होती. वायरिंग तिथे टेकून कडक झालं होतं, तडकलं होतं, आतले तांब्याचे धागे मोजके उरले होते. जपानमधल्या जुन्या गाड्यांच्या लिलावाच्या कागदावर दारावरच्या बारीकशा ओरखड्याला ए१, पोच्याला यू१ अशी काटेकोर नोंद असते. क्लिपसाठी रकाना नाही. त्यांनी त्या तुकड्यात शिल्डची वायर जोडली, नवी क्लिप लावली, ऑसिलोस्कोपवर ३४ लहरी आणि मधली मोकळी जागा आम्हाला कौतुकाने दाखवली आणि आपल्या सल्ल्याने घेतलेल्या सुट्या भागांपुढे लाजेल इतकी मजुरी मागितली.

कळावे, लोभ आहेच. तो थोडा कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक रुग्णवाहक

ता. क. सध्या गाडीत मूळचाच सेन्सर आहे. आपण सुचवलेला नवा सेन्सर आणि न उघडलेला पेट्रोलपंप गॅरेजमध्ये खोक्यात ठेवले आहेत. कुणाच्या गाडीत पी०३३५ दिसला तर घेऊन जावेत. पी००१६ दिसला तरी न्यावेत. तो क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा कोड आहे. टायमिंग चेन ताणली गेली आहे हे त्या बिचाऱ्याला कळेपर्यंत तेवढाच विरंगुळा.