खोक्यावरचा शनी आणि चाकूरचा शनी

दुर्बिणीच्या खोक्यावर तीन गोष्टी हमखास छापलेल्या असतात. कड्यांसकट झळकणारा शनी, त्याच्याकडे बघून हरखलेलं एक गोरंगोमटं पोरगं आणि ‘५२५ पट’ हा आकडा. यातला शनी अंतराळयानाच्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो, पोराला हरखण्याचे पैसे मिळालेले असतात आणि आकडा मात्र चक्क खरा असतो. पंचाईत होते ती त्या आकड्यापायीच.

हिशोब सोपा आहे. आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ७६ मिलिमीटर आरशाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची स्वस्त दुर्बीण घेतली, तिच्यात ४ मिलिमीटरची आयपीस बसवली, की १७५ झाले. मध्ये पट तिप्पट करणारी बार्लो भिंगाची नळी खुपसली की ५२५. ग्राहक मंचालाही यात खोट काढता येणार नाही. फक्त आरसा जेवढ्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच ही पट त्याला झेपते. म्हणजे इथे दीडशे, तेही हवा गुणाची असेल तर. त्यापुढे पंगत वाढली म्हणून वरणात पाणी ओतावं तसं होतं. वाट्या भरतात, डाळ तेवढीच. ५२५ पटीला शनी मोठा दिसतो यात वाद नाही, पण तो शनीच आहे हे दाखवणाऱ्याच्या शब्दावर मानून घ्यावं लागतं.

चाकुरात अशी दुर्बीण बहुधा दहावीच्या निकालानंतर येते. जिल्हा लातूर पॅटर्नचा. पोराला टक्के चांगले पडलेले असतात, पुढची दोन वर्षं नीटच्या क्लासात जायची असतात, तेव्हा आकाश बघायचं ते आत्ताच, असा वडिलांचा विचार. खोकं येऊन पडतं ते नेमकं मृगाच्या तोंडावर. मग चार महिने ढग. पोरगं लातूरला जातं आणि दसऱ्यापर्यंत दुर्बीण आपोआप वडिलांच्या नावावर होते. हे वडील चाकुरात बहुतेक वेळा ‘सर’ असतात. इथून पुढचं सगळं त्यांच्याविषयी.

सरांचा पहिला प्रयोग गच्चीवर होतो, कारण उंचावरून चांगलं दिसतं अशी समजूत. शनी सव्वाशे कोटी किलोमीटरवर आणि गच्ची बारा फुटांवर, हा हिशोब त्या दिवशी कुणी करत नाही. गल्ली जमते.

“काय दिसालंय ओ सर?”

“शनी.”

“मला तर माझ्याच पापण्या दिसालेत.”

शेजारी खोटं बोलत नाही. ४ मिलिमीटरच्या आयपीसचं छिद्र इतकं बारीक, की डोळा काचेला टेकवावा लागतो आणि पापण्याच आडव्या येतात. तोवर शनीही निघून गेलेला असतो. १७५ पटीला तो मिनिटभरात या कडेकडून त्या कडेला जातो, ५२५ पटीला वीस सेकंदही थांबत नाही. पृथ्वी फिरते हे पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवलेल्या सरांना ती फिरताना दिसते ती त्या रात्री, आणि त्यांना तिचा रागच येतो.

खोक्यात तळाशी २५ मिलिमीटरची एक आयपीस पडलेली असते. ती लावली की पट होते फक्त २८, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. गॅलिलिओने १६१० साली साधारण वीस पटीच्या दुर्बिणीतून शनी पाहिला. हायगेन्सने १६५५ साली पन्नासेक पटीत शनीचा उपग्रह टायटन शोधला आणि पुढे गॅलिलिओला न सुटलेलं कड्याचं कोडंही उलगडलं. २८ पटीला शनी लहानच दिसतो, पण रेखीव आणि कड्यासकट. बघणारा एकदम गप्प होतो आणि मग ‘चिटकवलंय का काय आत?’ असं विचारतो. दुर्बीणवाल्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

२०२५ साली ज्यांनी दुर्बीण घेतली त्यांच्यावर मात्र ग्रहांची अवकृपाच झाली. त्या वर्षी २३ मार्चला शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर धारेत आली. कडी रुंदीला लाखो किलोमीटर पसरलेली, पण जाडी इतकी नगण्य, की धारेवरून बघितलं की नाहीशीच होतात. पुढे वर्षभर दिसली ती बारीक रेघेएवढी. ‘खोक्यावर कडं आहे, आत नाही’ ही तक्रार घेऊन दुकानदाराकडे जाणाऱ्याला ठाऊक नसतं, की हीच तक्रार गॅलिलिओने १६१२ साली केली होती. त्याच्याकडे तर पावतीही नव्हती. दुर्बीण स्वतःच बनवलेली.

आता पुन्हा गच्ची. चाकूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. वर चढणाऱ्या गरम हवेतून येताना प्रकाश सारखा वाकतो. दुपारी नांदेड रस्त्याच्या डांबरावर पाणी चमकल्याचा भास होतो, त्यामागेही तापलेल्या हवेचाच खेळ. दुर्बीण ग्रहाबरोबर ही थरथरही मोठी करते. उपाय फुकटचा आहे: खाली उतरायचं. अंगणात, मातीवर, शेत जवळ असेल तर फारच उत्तम. शेजाऱ्याच्या पत्र्याच्या वर टेकलेला ग्रह चांगला वर येईपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही. जुनं माळवद झोपायला झकास, दुर्बिणीला नाही. बाजेवर कुणी कूस बदलली तरी गुरू हलतो. आणि तारे लुकलुकत असतील तर ती रात्र कवींना देऊन टाकावी. ग्रहांसाठी लागते स्थिर ताऱ्यांची, कंटाळवाणी रात्र.

आरशालाही थंड व्हावं लागतं. घरातल्या उबेतून बाहेर आणलेला आरसा बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत नळीच्या आत हवेचे झोत फिरत राहतात आणि चित्र उकळत राहतं. म्हणून दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी अंगणात ठेवायची असते. सर आठला ठेवतात. सव्वाआठला कुणीतरी ‘दव पडंल’ म्हणत ती आत नेऊन ठेवतं. चाकूरच्या शिवराज पाटलांनी २००४ ते २००८ देशाचं गृहखातं सांभाळलं. सरांच्या घरचं गृहखातं त्याहून जुनं आहे आणि तिथे फेरबदलाची प्रथा नाही.

धुळीचंही असंच. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की चाकुरात वहीपासून वरणापर्यंत सगळ्यावर धूळ बसते, आरशावरही. ती पंचाने पुसायची अनावर इच्छा होते. पुसू नये. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. धुळीने चित्रात फारसा फरक पडत नाही, पुसल्याने कायमचा पडतो. खरा फरक पडतो आरसे सरळ रेषेत नसल्याने, ज्याला दुर्बीणवाले कोलिमेशन म्हणतात. एसटीच्या मागच्या सीटवरून अहमदपूरला जाऊन आलेल्या दुर्बिणीचे आरसे जागेवर असतील ही अपेक्षाच चूक. एखादा तेजस्वी तारा मधोमध घेऊन फोकस थोडा बिघडवायचा. वर्तुळं एकात एक समकेंद्री दिसली तर ठीक, एका बाजूला सरकलेली दिसली तर मागचे स्क्रू हळूच फिरवायचे. डोळा बरोबर मध्ये राहावा म्हणून औषधाच्या डबीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून ते आयपीसच्या जागी बसवलं की पाचपन्नास रुपयांचीही गरज नाही.

बाकी उपकरणंही घरातच सापडतात. तिपाई डगमगत असेल तर तिच्या मध्यातून ज्वारीची पाच किलोची पिशवी टांगावी आणि पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे द्यावेत. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलची स्क्रीन ती कमाई एका क्षणात घालवते, म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन बांधावं. नेम धरायचा फाइंडर दिवसाउजेडी पाण्याच्या टाकीवर जुळवून ठेवावा. टाकी उलटी दिसेल. घाबरू नये, दुर्बीण आरशाची असली की असंच दिसतं. कुणी ‘बिघडली’ म्हणालं तर आकाशात वर-खाली नसतं एवढं सांगून मोकळं व्हावं.

एकच वस्तू फेकून द्यायची. काही खोक्यांत आयपीसला लावायचा ‘सन’ लिहिलेला काळ्या काचेचा तुकडा असतो. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर दुर्बिणीचं पुढचं तोंड पूर्ण झाकणारा सौर फिल्टरच हवा. २ ऑगस्ट २०२७ ला, नेमक्या दिव्याच्या अवसेला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. अर्थात आषाढातलं आकाश सूर्य दाखवेल का, ते वेगळं.

पण सगळ्यांत मोलाचं उपकरण कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते म्हणजे जळालेली डीपी. वीज गेली की गल्ली हळहळते आणि सर अंगणात धावतात. गल्लीतला पांढरा एलईडी विझलेला असतो आणि दुपारपर्यंत जिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता ती आकाशगंगा घरावरून आडवी गेलेली असते. रात्रीची लाइट म्हणून थंडीत पाणी द्यायला निघालेला शेतकरी हे आकाश रोज बघतो, फक्त त्याला त्याचं कौतुक करायला सवड नसते. दुष्काळाचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. मराठवाड्यात निरभ्र आकाशाचं कौतुक जरा दबक्या आवाजातच करावं.

डीपी न जळताही अंधार राखता येतो. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले रस्ते अंधारात लोटले नाहीत, फक्त खाली उजेड पाडणारे दिवे बसवले. चाकूरच्या नगरपंचायतीला यासाठी वाघ पाळावे लागणार नाहीत.

हे वेड या भागाला नवं नाही. चाकूर निजामाच्या राज्यात होतं त्या काळी, १९०१ साली, हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी डब्लिनच्या ग्रब कारखान्याची १५ इंची दुर्बीण आणून फिसलबंडा इथल्या आपल्याच जागेत वेधशाळा थाटली. निजामाच्या परवानगीने तिचं नाव निजामिया. त्यांच्या पश्चात सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथून लाखो ताऱ्यांच्या जागांची मोजणी झाली. या वेडाचं दुसरं टोक जॉन डॉबसनचं. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेत रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून तो आरसे करायचा. दुर्बिणींच्या या नादात १९६७ साली मठ सोडावा लागला, तेव्हा त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. प्लायवूडच्या खोक्यात मागेपुढे डुलणारी त्याची बैठक आज डॉबसोनियन म्हणून जगभर चालते. चाकूरचा कुठलाही सुतार ती दोन दिवसांत करून देईल, ‘सनमायका कुठला लावू?’ एवढंच विचारील.

सरांकडे गर्दी होते ती कोजागरीला. नेमकी तीच रात्र चंद्रासाठी सर्वांत वाईट. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या थेट समोर असतो, खड्ड्यांच्या सावल्या पडत नाहीत, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. संकष्टीला चंद्रोदय झाला का हे बघायलाही माणसं येतात, पण उपाशी माणसाला विवरांत रस नसतो.

आणि चाकूरकरांना युरोपातल्या भल्याभल्या दुर्बीणवाल्यांना मिळत नाही असं काही मिळतं. ओमेगा सेंटॉरी नावाचा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. एडमंड हॅलेने तो १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून नोंदवला. चाकूरहून तो मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला चोवीस अंश वर येतो. मोफत, अंगणातून.

तेव्हा माळ्यावर एखादी दुर्बीण धूळ खात पडली असेल, तर येत्या शुद्ध सप्तमी ते नवमीच्या दरम्यान, चंद्र अर्धा असताना, एका संध्याकाळी ती खाली काढा, अंगणात गार होऊ द्या, २५ ची आयपीस लावा आणि गल्लीतल्या पोरांसाठी एक स्टूल ठेवा. बार्लो घरातच राहू द्या.